जीपचं इंजिन बदललं, त्याची गोष्ट

पहाटे जांब्यातून भाजीचे क्रेट आणि दुधाचे कॅन भरून पिकअप निघते, तेव्हा गाडीभाडं जाऊन हाती काय उरेल, हा हिशेब आपल्या डोक्यात चालू असतो. हा हिशेब जुनाच आहे. त्याच्यापायी एके काळी कित्येक जीपगाड्यांचं इंजिन बदललं गेलं. आज तीच गोष्ट सांगते.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली. कच्च्या रस्त्याला आणि घाटाला ही गाडी टिकली. मागे ट्रेलर जोडला की धान्याची पोतीही तीच नेणार आणि वऱ्हाडही. पण इंजिन पेट्रोलचं आणि पिणारं.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देश आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटलं. अरब देशांनी तेल रोखलं, आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पेट्रोल इतकं महागलं की त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. डिझेलवर ट्रक, एसटी आणि शेतीचे पंप चालायचे, म्हणून सरकार त्यावर कर कमी लावायचं. ते स्वस्त राहिलं.

आपल्या भागात डिझेल इंजिन अनोळखी नव्हतं. किर्लोस्करांचा ऑईल इंजिनाचा कारखाना १९४६ पासून खडकीला. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री गावोगावी होते. जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवायचं काम अशाच हातांनी केलं.

काम सोपं नव्हतं. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून कार्बोरेटर आणि स्पार्क प्लग निघाले, पंप आणि नोझल आले. इंजिन वजनदार, म्हणून पुढचे पाटे मजबूत करावे लागले. गिअर बॉक्सला जोडायला लोखंडी प्लेट घडवावी लागली. गाडी धडधडायची, धूर सोडायची, पण एका लिटरमध्ये जास्त लांब जायची.

पुढे कंपनीनेही हाच रस्ता धरला. १९७९ साली महिंद्राने फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला.

आता हिशेब पालटला आहे. २०१० साली पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव ठरवणं सरकारने सोडलं. दोन्हींतलं अंतर पूर्वीइतकं राहिलं नाही. जुन्या गाडीत डिझेल इंजिन घालून पूर्वीसारखी बचत होईलच असं नाही.

म्हणून सख्यांनो, बचत गटाच्या पैशातून जुनी पिकअप घ्यायची ठरली, तर आधी आरसी बुक मागा. त्यावरचा इंजिन नंबर आणि इंधन गाडीशी ताडून पाहा. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि बदल आरसीवर चढवावा लागतो. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडू शकतात, आणि कर्जाचा हप्ता मात्र आपल्याच माथी राहतो. इंजिनाची पारख मिस्त्रीकडून करून घ्या, पण कागद स्वतः वाचा.