वणव्यानंतरची संदेशवहन-पुनर्उभारणी व परवाना-शिथिलीकरण

वणव्यात नष्ट झालेले दूरध्वनी-मनोरे, खांब, तारा व प्रकाशीय तंतूंच्या केबली पुन्हा उभारताना एरवी बंधनकारक असलेली पर्यावरणविषयक आणि ऐतिहासिक वास्तुजतनविषयक छाननी अंशतः किंवा पूर्णतः स्थगित करण्याचे शासकीय धोरण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, एकविसाव्या शतकातील मोठ्या वणव्यांनंतर ते आकारास आले. जळालेली साधने होती तशीच उभारण्यास मुभा देणे तुलनेने सोपे असते. पुढील वणव्यात टिकेल असे काही वेगळे उभारावयाचे झाल्यास मात्र छाननीचा प्रश्न बिकट होतो. या धोरणाच्या इतिहासाचे हेच मुख्य सूत्र होय.

कायद्यांची पार्श्वभूमी : महामार्ग व नागरी पुनर्विकास यांच्या योजनांत अनेक जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. त्यांविषयीच्या असंतोषातून १९६६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तुजतन अधिनियम संमत झाला. राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियम १ जानेवारी १९७० रोजी अंमलात आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने आपला पर्यावरण गुणवत्ता अधिनियम केला. शासकीय परवानगी लागणाऱ्या खाजगी प्रकल्पांनाही तो लागू होतो, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला. १९७२ च्या लोकमतानंतर १९७६ मध्ये किनारा अधिनियम करण्यात आला. मनोऱ्यांवरील रेडिओ-प्रसारणास संघीय संदेशवहन आयोगाचा परवाना लागत असल्याने त्यांच्या उभारणीस संघीय कायदेही लागू होतात.

मूळ कायदे कडक असले, तरी अपवादांची तरतूद पूर्वीपासून आहे. कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झालेल्या क्षेत्रातील आपद्‌ग्रस्त मालमत्तेची दुरुस्ती वा पुनःस्थापना पर्यावरण-छाननीतून मुक्त असते. २००४ च्या राष्ट्रव्यापी करारानुसार, आकारात लक्षणीय वाढ न करता जुन्या मनोऱ्याच्या जागी नवा उभारल्यास वास्तुजतनविषयक छाननी सामान्यतः करावी लागत नाही. तथापि हे अपवाद ‘पूर्वी होते तसे’ या कल्पनेवर आधारलेले आहेत.

वणव्यांचा अनुभव : ८ नोव्हेंबर २०१८ रोजी लागलेल्या ‘कँप फायर’ या वणव्यात पॅरडाइझ हे गाव जवळजवळ बेचिराख झाले, ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. स्थलांतराची सूचना अनेक रहिवाशांपर्यंत पोहोचलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणवे टाळण्यासाठी वीजपुरवठा हेतुपुरस्सर खंडित करण्यात आला, तेव्हा मरीन परगण्यातील निम्म्याहून अधिक भ्रमणध्वनी-केंद्रे बंद पडली. त्यानंतर जुलै २०२० मध्ये राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने वणव्याचा धोका असलेल्या भागांतील अशा केंद्रांसाठी ७२ तास पुरेल इतकी पर्यायी वीज राखण्याचा आदेश दिला. संदेशवहन ही केवळ सोय नसून जीवितरक्षणाचे साधन आहे, ही जाणीव या घटनांतून दृढ झाली. लाकडी खांबांऐवजी पोलादी खांब व हवेतील तारांऐवजी भूमिगत केबली या उपायांकडे लक्ष वळले. परंतु केबल पुरण्यासाठी जमीन खणावी लागते आणि खणलेल्या जमिनीत काय आहे, हे पाहणे हाच छाननीचा एक प्रमुख उद्देश असतो.

टोपँगा प्रकरण : लॉस अँजेल्सच्या जल व विद्युत् विभागाने २०१९ मध्ये टोपँगा राज्य उद्यानात वणवा-प्रतिबंधासाठी वीजवाहिनीचे लाकडी खांब बदलून पोलादी खांब बसविण्याचे काम हाती घेतले. किनारा-परवाना न घेता रस्ते रुंद करताना ‘ब्राउंटन्स मिल्कव्हेच’ या संकटग्रस्त शिंबावंत वनस्पतीची सु. १८० झाडे चिरडली गेली. २०२० मध्ये विभागाला सु. १९ लाख डॉलर दंड झाला. या वनस्पतीच्या बिया मुख्यत्वे वणव्यानंतर रुजतात. म्हणजे ज्या काळात छाननी स्थगित होण्याचा संभव अधिक, त्याच काळात ती जमिनीवर उगवलेली असते.

२०२५ चे आदेश : ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस अँजेल्स परिसरात पॅलिसेड्स व ईटन हे वणवे लागले. त्यांत किमान ३१ बळी गेले आणि १६,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी प्रथम जानेवारीत घरे व व्यवसायस्थाने यांच्यासाठी, आणि नंतर मार्चमध्ये वीज, दूरसंचार इ. सेवांच्या पुनर्उभारणीसाठी, पर्यावरण गुणवत्ता व किनारा या दोन्ही अधिनियमांखालील छाननी स्थगित केली. दुसऱ्या आदेशात तारा भूमिगत करण्याच्या कामाचाही समावेश होता. अशा रीतीने सवलत ‘जसेच्या तसे’ या मर्यादेबाहेर गेली. राज्यपालाच्या आदेशाने संघीय कायदे मात्र स्थगित होत नाहीत. वणव्यानंतर संदेशवहन-साधने बदलण्याच्या व सुधारण्याच्या कामांना त्यांतूनही सूट द्यावी, अशा आशयाची विधेयके संघीय काँग्रेसपुढे मांडण्यात आली.

आक्षेप व मूल्यमापन : सरसकट सवलतीस सर्वांत ठाम विरोध मूळ अमेरिकन जमातींनी केला. लहान भ्रमणध्वनी-केंद्रांना छाननीतून वगळण्याचा संघीय आयोगाचा २०१८ चा निर्णय कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये रद्दबातल ठरविला. त्या खटल्यात जमाती वादी होत्या. हवाई बेटांतील लाहाइना हे हवाईच्या राज्याचे एके काळचे राजधानीचे शहर ८ ऑगस्ट २०२३ रोजी वणव्यात जळाले, तेव्हा तेथील संदेशवहनही कोलमडले. परंतु तेथील ऐतिहासिक विभागास १९६२ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा असून त्या भूमीत पूर्वजांची दफनस्थाने आहेत. तेथे केबल लवकर टाकणे आणि जपून खणणे या दोन्ही गरजा सारख्याच निकडीच्या ठरतात.

चाकांवरील फिरते मनोरे आणून तात्पुरती सेवा चालू करणे आणि त्याच जागी तेच साधन पुन्हा उभारणे, या दोन टप्प्यांना दीर्घ छाननीची गरज सहसा नसते. नव्या स्वरूपाच्या उभारणीत मात्र छाननी पूर्णतः वगळल्यास होणारी हानी भरून काढता येत नाही. उलट ती वर्षानुवर्षे रेंगाळल्यास पुढचा वणवा वस्तीला संदेशहीन अवस्थेत गाठू शकतो. त्यामुळे छाननी रद्द करण्यापेक्षा वणवा येण्यापूर्वीच ती पूर्ण करून ठेवणे, म्हणजे धोक्याच्या क्षेत्रांतील दफनस्थाने, दुर्मिळ वनस्पती व भूमिगत केबलींचे मार्ग यांचे नकाशे आगाऊ तयार ठेवणे, हा मार्ग अधिक श्रेयस्कर ठरतो.