मूलरूप (स्वनिमविज्ञान)

शब्दाचे बोलणाऱ्याच्या मनातले ध्वनिरूप. त्याला नियम लागून जे तोंडून बाहेर पडते ते उच्चाररूप. लेखनातली अक्षरे या दोहोंपैकी कशाचीच हुबेहूब नोंद नसतात.

पाणिनी : अष्टाध्यायीच्या अखेरच्या सूत्राइतका (8.4.68) नेमका दाखला दुसरा नाही. व्याकरणाच्या प्रक्रियेत ऱ्हस्व अ विवृत धरला जातो. त्यामुळे तो आ-शी सवर्ण ठरतो आणि दोघांना एकच संधिनियम लागतो. सगळी प्रक्रिया आटोपल्यावर हे सूत्र त्याला बोलण्यातला संवृत अ करते.

कोल्हापूरकडची बोली : राजारामपुरीच्या गल्ल्यांत ‘लई येळ झाला’, ‘ईस रुपये’, ‘इचार कर’ असे ऐकू येते. वाट, वडा यांतला व मात्र शाबूत राहतो; म्हणजे तो इ-ए यांच्यापूर्वीच जातो. शिवाय ‘एक’चे ‘येक’ होते : शब्दारंभीच्या ए-मागे य येतो. दोन्ही नियम क्रमाने लावले की वेळ–एळ–येळ अशी साखळी जुळते. क्रम उलटा केला तर ‘एळ’पाशीच थांबावे लागते, आणि तसे कोणी बोलत नाही. या बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्याने ही शिस्त एकदा कान देऊन ऐकावी. व-चा थेट य होतो असा एकच नियमही मांडता येतो; पण मग ‘येक’साठी वेगळा नियम लागतोच. घरी ‘येळ’ आणि बँकेत ‘वेळ’ म्हणणाऱ्याच्या मूलरूपात व मानणे सोपे आहे. जन्मभर ‘येळ’च म्हणणाऱ्याच्या बाबतीत ते वादग्रस्त ठरते.

प्रमाण मराठी : पूर–पुरात, कोल्हापूर–कोल्हापुरी. अकारान्त शब्दातला उपान्त्य उ दीर्घ होतो, प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो. मधुर, गुण असे तत्सम शब्द अपवाद. पाट्यांवरचे ‘कोल्हापूरी’ हे मूळ शब्द तसाच ठेवण्याच्या ओढीतून येते. जग (विश्व) आणि जग (जगणेचे आज्ञार्थी रूप) यांतले दोन ज लिपी वेगळे दाखवत नाही. पैसा–पैशाला यात स-चा श झालेला लेखनात दिसतो. दरवाजा–दरवाजाला यात दंततालव्य ज-चा तालव्य ज होतो, तो कानालाच कळतो. दोन्हींमागे सामान्यरूपातला य आहे. लेखननियमांनी तो गाळला, उच्चाराने त्याची खूण राखली.

आधुनिक सिद्धान्त : चॉम्स्की व हॅले यांनी 1968 मध्ये मूलरूप म्हणजे भेदक लक्षणांच्या संचांची रांग मानली. गोल्डस्मिथ (1976) यांनी ती एकाहून अधिक पातळ्यांवर मांडली. प्रिन्स व स्मोलेन्स्की (1993) यांनी क्रमवार नियमांऐवजी निर्बंधांची उतरंड आणली.

मराठीचा अभ्यास : अशोक रा. केळकर यांचा मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवरील व रूपव्यवस्थेवरील प्रबंध, कॉर्नेल विद्यापीठ, 1958.

आघात : मराठीत अर्थभेदक नाही, म्हणून मूलरूपात तो धरावा लागत नाही.