बारावी घटनादुरुस्ती: कलमशः भाष्य

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा कुठेही उल्लेख नाही. तरीही १८०४ साली मंजूर झालेली बारावी दुरुस्ती पक्षांमुळेच घडली. तिच्या कलमांचा आशय क्रमाने देऊन ते दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

राष्ट्राध्यक्ष व उपाध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांनी आपापल्या राज्यात जमून मत द्यावे. ज्यांना मत द्यायचे त्या दोघांपैकी निदान एक जण परराज्यातला असावा.

ही अट मूळ घटनेतलीच. घटनाकारांना धास्ती होती ती राज्याभिमानाची. पक्षाभिमान त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता. २००० साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी यांनी टेक्सासमधली मतदारनोंदणी वायोमिंगला नेली, ती याच अटीपायी; राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही टेक्सासचाच होता.

राष्ट्राध्यक्षपदासाठी एक आणि उपाध्यक्षपदासाठी वेगळी, अशा स्वतंत्र मतपत्रिका असाव्यात.

दुरुस्तीचा गाभा हा. आधी प्रत्येक निर्वाचक दोन मते देई, पण कोणते मत कोणत्या पदासाठी हे सांगण्याची सोय नव्हती. पहिला येई तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. १७९६ मध्ये फेडरलिस्ट जॉन ॲडम्स यांना ७१ मते पडली आणि विरोधी पक्षाचे जेफरसन ६८ मतांनिशी त्यांचे उपाध्यक्ष झाले. १८०० मध्ये उलटेच संकट आले. पक्षशिस्त इतकी चोख पाळली गेली की जेफरसन आणि त्यांचेच सहकारी ॲरन बर यांना सारखीच, ७३-७३ मते मिळाली. फेडरलिस्टांनी एक मत जॉन जे यांच्याकडे वळवून ही अडचण टाळली होती. जेफरसनच्या पक्षाला ते साधले नाही. निर्णय फेडरलिस्टांचे बहुमत असलेल्या मावळत्या प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, छत्तिसाव्या फेरीत, जेफरसन निवडून आले. मतदारांनी नाकारलेला पक्ष विजयी पक्षाचा नेता ठरवायला बसला होता. माझ्या मते या दुरुस्तीचे खरे समर्थन हेच. मात्र उपाध्यक्षपद आता गुणांवर न भरता मते जोडण्यासाठी वापरले जाईल, हा फेडरलिस्टांचा आक्षेपही खोटा नव्हता.

सिनेटच्या अध्यक्षाने दोन्ही सभागृहांसमोर पाकिटे उघडावीत, मग मते मोजावीत.

वादग्रस्त मते ग्राह्य धरायची की नाही, हे ठरवायचे कोणी? कलम गप्प आहे. १८७६ च्या निवडणुकीनंतर पंधरा जणांचा आयोग नेमावा लागला. त्याने पक्षनिहाय ८ विरुद्ध ७ असा कौल दिला आणि रिपब्लिकन उमेदवार हेज १८५ विरुद्ध १८४ मतांनी निवडून आले.

कुणालाच बहुमत नसेल तर पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृहाने निवड करावी. प्रत्येक राज्याला एक मत.

आधी ही यादी पाच जणांची होती. दोन पक्षांची सरळ लढत गृहीत धरली तर तीन नावे पुरेशी वाटतात. पण १८२४ मध्ये फेडरलिस्ट पक्ष जवळजवळ संपला होता आणि चारही उमेदवार एकाच पक्षाचे होते: जॅक्सन ९९, ॲडम्सपुत्र जॉन क्विन्सी ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. जुना नियम असता तर प्रतिनिधिगृहाचे सभापती असलेले क्ले यादीत राहिले असते. ते बाहेर पडले, त्यांनी ॲडम्सना पाठिंबा दिला आणि ॲडम्सना २४ पैकी १३ राज्ये मिळाली. पुढे क्ले परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सनच्या समर्थकांनी याला सौदा म्हटले आणि त्या संतापातून जी फळी उभी राहिली तिचाच डेमोक्रॅटिक पक्ष झाला. पक्षांच्या लढतीसाठी बेतलेला नियम पक्ष विस्कटताच चुकला, आणि त्या चुकीतून नवा पक्ष निघाला.

उपाध्यक्षपदाला बहुमत नसेल तर सिनेटने पहिल्या दोघांतून निवडावे.

हे एकदाच घडले. १८३६ मध्ये व्हर्जिनियाच्या २३ निर्वाचकांनी स्वपक्षाच्या रिचर्ड जॉन्सन यांना मत नाकारले. ते एका मताने हुकले आणि सिनेटने त्यांना निवडले.

राष्ट्राध्यक्षपदाला अपात्र असलेली व्यक्ती उपाध्यक्षपदालाही अपात्र.

पूर्वी प्रत्येक मत राष्ट्राध्यक्षपदासाठीच असल्याने ही अट लिहायची गरज नव्हती. ती तपासते जन्म, वय, वास्तव्य, पक्षनिष्ठा नाही. व्हिग पक्षाने १८४० च्या निवडणुकीत दक्षिणेतल्या मतांसाठी पूर्वाश्रमीचे डेमोक्रॅट जॉन टायलर यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष हॅरिसन पदग्रहणानंतर महिन्याभरात वारले आणि टायलर त्यांच्या जागी आले. टायलर यांनी राष्ट्रीय बँकेचे विधेयक दोनदा फेटाळले आणि सप्टेंबर १८४१ मध्ये पक्षाने त्यांना काढून टाकले. राष्ट्राध्यक्षपदावर ते १८४५ पर्यंत राहिले.