'ऐदी' या शब्दावरील तळटीप

१. ऐदी : आजच्या बोलीत हा शब्द आळशी माणसासाठी सरसकट योजला जात असला, तरी त्याचे मूळ मोगल दप्तरातील 'अहदी' या संज्ञेत आहे, आणि 'एक' या अर्थाच्या अरबी 'अहद'वरून सिद्ध झालेल्या या संज्ञेने, अकबराच्या कारकिर्दीत (१५५६–१६०५), जो शिपाई कोणाही मनसबदाराच्या पथकात न मोडता एकटा थेट बादशहाच्या चाकरीत असे, ज्याच्या वर्गाचा दिवाण आणि बक्षीही निराळा असे, त्याचा निर्देश होई. अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त त्यांची व्यवस्था नोंदली आहे. सामान्य स्वारापेक्षा तनखा अधिक, निकडीच्या प्रसंगावाचून विशेष कामगिरी नाही, आणि वसुलीस पाठविले तर थकबाकी हाती पडेपर्यंत जमीनदाराच्या दारात ठाण मांडून बसणे, अशी त्यांची ख्याती लोकांत झाली. त्या बसण्यापुढे शिपाईगिरी लोपली आणि दूषण तेवढे शब्दाला चिकटले, हा त्या पेशावर अन्यायच होय. आळस हा स्वभावदोष, अंगचोरपणा ही कामावर हजर राहून केलेली लबाडी, आणि जे अनायास लाभते ते तर निर्दोष, किंबहुना भाग्याचे. ऐदीपणात मात्र बसून खाण्याची सोय दुसऱ्या कोणी लावून दिलेली असते. मूळ लेखकाने वतनदारांच्या वर्णनात 'आळशी' टाळून 'ऐदी' योजला आहे तो याच अर्थाने. वाचकांनी तो तसाच घ्यावा.