अश्रूंचा उगम शोधणारे धर्मगुरू

मनुष्य रडतो तेव्हा डोळ्यांतील पाणी येते कोठून? सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वान वैद्य ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देत असत : मेंदूतून. हे उत्तर चुकीचे आहे, असे ज्यांनी हाती सुरी घेऊन सिद्ध केले, ते नील्स स्टेन्सेन पुढे कॅथलिक धर्मगुरू व बिशप झाले. विद्वानांच्या जगात ते स्टेनो ह्या लॅटिन नावाने प्रसिद्ध आहेत.

कोपनहेगन येथे १६३८ साली एका लुथरन सोनाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते हॉलंडात गेले. १६६० साली ॲमस्टरडॅम येथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करीत असता, गालातून तोंडात लाळ आणणारी नलिका त्यांना सापडली. वय अवघे बावीस! त्यांचे शिक्षक ब्लासियस यांनी तो शोध आपलाच असल्याचा दावा केला. (शिष्याच्या कष्टावर नाव मिळविणारे गुरू कोणत्या शतकात नव्हते?) वाद चिघळला, परंतु त्या निमित्ताने स्टेनो ग्रंथींच्या अभ्यासात अधिक खोल उतरले. १६६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी अश्रूंचा उलगडा केला. डोळ्याच्या खोबणीत, वरच्या बाहेरील बाजूस एक ग्रंथी असते. तिच्यातून बारीक नलिकांवाटे पाणी नेत्रगोलावर उतरते, त्याला ओलसर ठेवते आणि नाकाकडील कोपऱ्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जाते. मेंदूतून तेथे एक थेंबही येत नाही.

१६६६ साली ते इटलीत आले. लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक त्यांनी पाहिली आणि त्यांच्या मनाने विच्छेदनाच्या मेजावरचाच रोखठोक प्रश्न विचारला : ही केवळ भाकर असेल तर हे सारे लोक वेडे, आणि हा खरोखर ख्रिस्त असेल, तर आपण गुडघे का टेकत नाही? पुढील वर्षी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली.

त्याच काळात मच्छीमारांनी पकडलेल्या एका प्रचंड शार्क माशाचे डोके फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूकने त्यांच्याकडे पाठविले. खडकांत सापडणारे, जिभेच्या आकाराचे दगड म्हणजे प्राचीन शार्कचे दात होत, हे त्यांनी ओळखले. १६६९ च्या छोट्या ग्रंथात त्यांनी सांगितले, की खडकांचे थर एकावर एक साचतात व खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. आधुनिक भूशास्त्राची ही एक पायाभरणी. तो ग्रंथ म्हणजे केवळ प्रास्ताविक होते. मूळ मोठा ग्रंथ त्यांनी कधीच लिहिला नाही.

डेन्मार्कच्या राजाने त्यांना १६७२ साली परत बोलाविले. कॅथलिक असल्यामुळे विद्यापीठात प्राध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. राजाचे शरीरशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी दोन वर्षे काम केले व ते फ्लॉरेन्सला परतले. १६७५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, १६७७ साली ते बिशप झाले. हानोव्हर येथे त्यांना भेटलेले तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांना ह्याचे दुःखच झाले. थोर वैज्ञानिक गेला आणि सामान्य ईशशास्त्रज्ञ हाती आला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. आपल्या धर्मग्रामांतही, शिकलेला मुलगा सेमिनरीत निघाला की 'एवढे शिकून फुकट!' असे हळहळणारे नातेवाईक आम्ही पाहतो. आमच्या मते लाइबनिट्स यांनी सांगितलेली हानी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दुसऱ्या पारड्यात काय पडले, हे त्यांनी तोलले नाही.

ते असे. म्युन्स्टर येथे सहायक बिशप असताना, १६८३ साली नव्या बिशपांच्या निवडणुकीत पैशाचा व्यवहार झाला. स्टेनो यांनी निषेध केला आणि शहर सोडले. बिशपपदाची अंगठी व क्रूस विकून त्यांनी ते पैसे गरिबांना दिले. हँबुर्ग आणि अखेरीस श्वेरिन येथे, मूठभर कॅथलिकांमध्ये, जीर्ण वस्त्रांत व उपवासांत ते राहिले. ५ डिसेंबर १६८६ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, असह्य पोटदुखीने त्यांचा अंत झाला.

त्यांचा देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झो चर्चमध्ये पुरण्यात आला. १८८१ साली जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी तेथे त्यांचे स्मारक बसविले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्य' घोषित केले ते त्यानंतर १०७ वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९८८ रोजी.