घरच्या घरी आयात

'आयात' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची गोदी, जकातीची कचेरी आणि परवान्यांचे कागद उभे राहतात. परदेशात तयार झालेली वस्तू स्वदेशात आणणे हा त्या शब्दाचा रूढ अर्थ. परंतु संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींनी या शब्दाला एक निराळाच अर्थ दिला आहे. आपणच काल लिहिलेली आणि आपल्याच कपाटात ठेवलेली गोष्ट आज आपल्याच दुसऱ्या कामासाठी मागवून घेणे, यालाही ते आयातच म्हणतात. या आयातीवर जकात नाही, परवानाही नाही. पण अटी मात्र आहेत. त्या अटी कोणा एका विद्वानाने एका दिवशी घालून दिलेल्या नाहीत. त्यांच्यामागे सुमारे ऐंशी वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यातला काही अनुभव फार महाग पडलेला आहे.

त्यातली पहिली अट समजून घेण्यासाठी आपण दिल्लीच्या दक्षिणेला असलेल्या फरीदाबाद शहरात जाऊ. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये हे गाव वसविले, असे परंपरेने सांगतात. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून त्याच्या शेजारी एक नवे औद्योगिक नगर उभे राहिले. त्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते, आणि घरे बांधण्याच्या कामात निर्वासितांनी स्वतः हात घातला होता. या नव्या नगराचे भाग क्रमांकांनी ओळखले जातात. पुढे शहर वाढले, त्याचे सेक्टर पडले आणि त्यांनाही क्रमांकच मिळाले. त्यामुळे आज फरीदाबादेत नव्या नगराचा तीन क्रमांक आहे आणि सेक्टर तीनही आहे. शिवाय गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आपल्या पत्त्यात 'तिसरा मैल' असे लिहिणारी जैवतंत्रज्ञानाची प्रादेशिक संस्था आहे. तेथे नोव्हेंबर २०२२ मध्ये जीवविज्ञानविषयक माहितीच्या राष्ट्रीय भांडाराचे उद्घाटन झाले. नुसते 'फरीदाबाद, तीन' एवढेच पाकिटावर लिहिले, तर पोस्टमनने जावे कोठे? तिन्ही 'तीन' खरे आहेत आणि तिन्ही एकाच गावचे आहेत. गाव आपले आहे म्हणून पत्ता अर्धा लिहून चालत नाही.

संगणकाची अडचण नेमकी हीच आहे. मात्र प्रारंभी ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती, कारण त्या काळी आयात नव्हतीच. होती ती नक्कल. १९४४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क वन या गणकयंत्रावर ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी काम करू लागले. एखाद्या कोनाची ज्या काढावयाची असली, तर ती रीत ज्याने पूर्वी लिहिली असेल त्याची वही मागून आणावयाची आणि तेवढा मजकूर हाताने उतरून घ्यावयाचा, असा त्यांचा परिपाठ असे. माणसाला धड उतरून घेता येत नाही, असे हॉपरबाई पुढे मोठ्या गमतीने सांगत.

नकलेचे हे दुखणे मराठी मनाला नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला होत गेल्या आणि लेखनिकांच्या हातून त्यांत अपपाठ शिरले. म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथमहाराजांनी त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलेत दोष दोन असतात. उतरताना चूक होते, हा पहिला. मूळ प्रतीतली चूक पुढे सुधारली तरी गावोगाव पसरलेल्या नकला तशाच राहतात, हा दुसरा आणि अधिक घातक. आयातीची कल्पना जन्मली ती या दुसऱ्या दोषावर उपाय म्हणून. मूळ प्रत एकच असावी आणि ज्याला गरज पडेल त्याने तिच्याकडेच वळावे.

या दिशेचे पहिले ठळक पाऊल इंग्लंडमधील केंब्रिज येथे पडले. तेथील एडसॅक हे यंत्र ६ मे १९४९ रोजी प्रथम चालले. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी नेहमी लागणाऱ्या गणिती रीतींच्या छिद्रे पाडलेल्या कागदी फिती नीट वर्गवारी लावून कपाटात ठेवल्या. १९५१ पर्यंत अशा रीतींची संख्या ८७ झाली होती. ज्याला जी हवी ती फीत त्याने काढावी, आपल्या फितीवर ती यंत्राने उतरवून घ्यावी आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवावी. मुख्य कामातून उपकामात शिरावयाचे आणि ते आटोपल्यावर नेमके सोडल्या जागी परतावयाचे, ही युक्ती व्हीलर यांची. अमेरिकेत हॉपरबाईंनी १९५२ च्या सुमारास आणखी एक पाऊल टाकले. माणसाने केवळ क्रमांक सांगावा आणि यंत्रानेच फितीवरून ती रीत हुडकून जागेवर बसवावी, अशी योजना त्यांनी केली. मागणे माणसाकडे आले आणि आणणे यंत्राकडे गेले.

याच सुमारास आपल्या देशातही गणकयंत्रांचे युग सुरू झाले, आणि तेही आयात आणि घरची निर्मिती अशा दोन्ही वाटांनी. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये विलायतेहून यंत्र आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळींनी मात्र आपले यंत्र आपणच बांधले. आर. नरसिंहन हे त्यांचे अग्रणी. ते यंत्र १९६० मध्ये रीतसर कामास लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण केले. या दोन यंत्रांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र परदेशाहून आणता येते, पण आपले प्रश्न कोणी जहाजात घालून पाठवीत नाही. ते सोडविण्याच्या आज्ञावल्या आपणच लिहाव्या लागतात, आणि एकदा लिहिल्या की त्या पुनःपुन्हा लागतात. म्हणून आपल्याच कपाटाची व्यवस्था लावणे ही गरज दोन्हीकडे सारखीच होती.

केंब्रिजच्या कपाटात होत्या त्या केवळ रीती. ज्या माहितीवर त्या चालवावयाच्या ती निराळी राहत असे. ही ताटातूट संपविली नॉर्वेतील ओस्लोच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी. बंदरातली जहाजे, खिडकीपुढच्या रांगा अशा प्रत्यक्ष जगातल्या व्यवहारांची प्रतिकृती यंत्रात उभी करण्यासाठी त्यांनी 'सिम्युला' ही भाषा रचली. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत 'वर्ग' ही कल्पना आली. पेणच्या कारखान्यात गणपतीचा एक साचा असतो आणि त्यातून मूर्ती अनेक निघतात. वर्ग हा तसा साचा आहे. फरक इतकाच, की या साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीला आपली माहिती आणि आपले काम ही दोन्ही ठाऊक असतात. साचा घडविणारा एक आणि वापरणारे अनेक, अशी ही रचना. डाल आणि नीगार्ड यांना या कार्याबद्दल २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

साचे तयार झाले. आता ते ठेवावयाचे कोठे आणि मागवावयाचे कसे? याचे आज सर्वाधिक परिचित उत्तर 'पायथन' या भाषेत आढळते. गिडो व्हान रॉसम यांनी अॅम्स्टरडॅम येथे ती रचली आणि १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिच्यात नियम साधा आहे. आज्ञांची प्रत्येक फाईल म्हणजे एक घटक. तिलाच तेथे 'मॉड्यूल' म्हणतात. समजा, आपण 'नमुने' नावाच्या फाईलमध्ये 'रक्तनमुना' नावाचा वर्ग लिहून ठेवला. दुसऱ्या फाईलच्या माथ्यावर 'फ्रॉम नमुने इम्पोर्ट रक्तनमुना' एवढी एक ओळ लिहिली की तो साचा तेथे हजर होतो. यातले 'फ्रॉम' आणि 'इम्पोर्ट' हे दोन शब्द इंग्रजीतच लिहावे लागतात. पण २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर्गाचे नाव देवनागरीत लिहिले तरी यंत्र ते मान्य करते.

एवढे सोपे आहे तर नवशिक्याची पहिलीच आयात अनेकदा का फसते? यंत्र उत्तर देते, 'असा घटक सापडला नाही'. आणि फाईल तर शेजारच्याच कप्प्यात दिसत असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार. यंत्राच्या बाजूने मात्र तो आडमुठेपणा नव्हे. ते ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या जागा धुंडाळते. काही अंगभूत घटक सोडले, तर आधी जी फाईल चालविली तिचा कप्पा, मग आपण नेमून दिलेल्या जागा, आणि शेवटी भाषेबरोबर आलेले व बाहेरून आणून बसविलेले संग्रह. आतल्या उपकप्प्यांत ते आपण होऊन डोकावत नाही. तेथली वस्तू हवी असेल तर कप्प्याचे नाव जोडून पूर्ण पत्ता द्यावा लागतो. फरीदाबादच्या तीन 'तीनां'ना लागू असलेलाच हा नियम आहे.

या क्रमाचा दुसरा परिणामही ध्यानात घेण्याजोगा आहे. यदृच्छेने संख्या निवडून देणारा 'रँडम' नावाचा घटक पायथनबरोबरच येतो. आपण आपल्या फाईललाही तेच नाव दिले, तर आपला कप्पा क्रमात आधी असल्यामुळे यंत्र आपलीच फाईल उचलते आणि खरा घटक तिच्या सावलीत दडून जातो. कधी दोन फाईली एकमेकींकडून माल मागू लागतात. पहिली वाचून पुरी व्हावयाची तर दुसरी हवी आणि दुसरी पुरी व्हावयाची तर पहिली हवी. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी यंत्राची कोंडी होते. अशा वेळी दोघींना लागणारी वस्तू तिसऱ्या, स्वतंत्र फाईलमध्ये ठेवणे हाच शहाणपणा.

नाव आणि पत्ता यांचा असा बंदोबस्त झाला की घरची आयात निर्धोक झाली, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही, याचा धडा ४ जून १९९६ रोजी साऱ्या जगाला मिळाला. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून युरोपीय अवकाश संस्थेचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्या उड्डाणास निघाले. इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी ते मार्ग सोडून वळले आणि चार उपग्रहांसह नष्ट झाले. चौकशीत कारण निघाले ते असे. दिशा व वेग मोजणाऱ्या उपकरणाची आज्ञावली एरियान-४ या आधीच्या, यशस्वी ठरलेल्या अग्निबाणावरून घेतलेली होती. तिच्यात एक मोठी संख्या सोळा द्विमान अंकांच्या छोट्या जागेत घालण्यात येत असे. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाचा वेग ती मर्यादा कधी ओलांडीत नसे. नव्याचा आडवा वेग फार अधिक होता. संख्या मावली नाही आणि उपकरण बंद पडले. जोडीला दुसरे उपकरण ठेवलेले होते. पण त्यातही तीच आज्ञावली असल्यामुळे तेही त्याच कारणाने बंद पडले. दुर्दैवाची गोष्ट अशी की आज्ञावलीच्या ज्या भागात हे घडले, त्याची नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर गरजही नव्हती.

येथे चोरी नव्हती, परकी वस्तू नव्हती, नकलेतला प्रमादही नव्हता. वस्तू घरची होती आणि अनेक उड्डाणांतून तावून सुलाखून निघालेली होती. तिला विश्वास मिळाला तो याच कारणाने. पण ज्या अटींवर ती खरी ठरली होती, त्या अटी तिच्याबरोबर आल्या नाहीत. बाहेरून आलेल्या मालाची आपण पेटी उघडून पाहतो, वजन करतो, छाप तपासतो. घरच्या वस्तूला मात्र कोणी काही विचारीत नाही. म्हणूनच ज्याला आपण आपले म्हणतो, त्याच्यावर त्याची मर्यादा लिहून ठेवण्याची गरज अधिक असते.

घरच्या आयातीच्या अटी या इतिहासाने अशा तीन ठरविल्या. वस्तूला दुसऱ्या कशाचे नसेल असे नाव द्यावे, ही नकलांच्या आणि नामसाम्याच्या गोंधळातून आलेली अट. तिचा पत्ता पुरा सांगावा, ही केंब्रिजच्या कपाटापासून पायथनच्या कप्प्यांपर्यंत चालत आलेली अट. आणि ती कोठपर्यंत खरी आहे हे तिच्यावरच लिहावे, ही कुरूच्या आकाशात शिकलेली अट. फरीदाबादसारख्या भांडारांत आता आपल्या देशातील जीवविज्ञानाची माहिती साठत आहे. आज तिच्यासाठी आज्ञावली लिहिणारा एखादा तरुण उद्या त्या जागेवर नसेल. त्याने लिहिलेला वर्ग मात्र कोणी अनोळखी माणूस एका ओळीने मागवून घेईल. त्या अनोळखी माणसाला पुरेल एवढे लिहून ठेवणे, हे काम यंत्र करीत नाही. ते ज्याचे त्यानेच करावयाचे असते.