आयनांबराची कुळकथा

१२ डिसेंबर १९०१. न्यू फाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाला बांधलेली एरियलची तार सुसाट वाऱ्यात हेलकावत होती. भरदुपारी मार्कोनीने कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये तीन बारीक टकटक ऐकल्या. मोर्स लिपीतला एस! तो निघाला होता इंग्लंडमधल्या पोल्डूहून, जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटरवरून.

रेडिओलहरी मात्र प्रकाशासारख्या सरळ जातात. या दोन ठिकाणांना सरळ रेषेने जोडायचे, तर मध्ये दोनशे किलोमीटरहून उंच असा पृथ्वीचा फुगवटा आडवा येतो. त्या दुपारच्या टकटकीबद्दल जाणकारांच्या मनात आजही शंका आहे. दोन महिन्यांनी 'फिलाडेल्फिया' जहाजावर मात्र पोल्डूचे संदेश कागदी पट्टीवरच उमटले: दिवसा साधारण सातशे मैलांपर्यंत, रात्री दीड हजार मैलांपलीकडूनही.

मग लहरी फुगवट्यापलीकडे पोचल्या कशा? उत्तर सुचले ते कुलाब्यात जन्मलेल्या माणसाला. आर्थर केनेली १८६१ साली मुंबईत जन्मला. कॉलेजचे तोंड न पाहता समुद्री तारांच्या कंपनीत तो काम शिकला, पुढे एडिसनचा साहाय्यक झाला. मार्च १९०२मध्ये त्याने लिहिले की सुमारे ८० किलोमीटर उंचीवर हवेचा वीजवाहक थर असावा आणि लहरी त्याच्यावरून परतत असाव्यात. त्याच वर्षी ऑलिव्हर हेव्हिसाइडने स्वतंत्रपणे हेच सुचवले. तोही तारयंत्रावर बसलेला, घरीच गणित शिकलेला. ज्यांच्या हाताला तारांची सवय, त्यांनीच बिनतारी लहरींची वाट ओळखली, हे फार सुंदर आहे.

पुराव्यासाठी मात्र १९२४चा डिसेंबर उजाडावा लागला. बोर्नमथच्या बीबीसी केंद्राची कंप्रता हळूहळू बदलायला लावून एडवर्ड ॲपल्टन आणि माइल्स बार्नेट ऑक्सफर्डला ऐकत बसले. जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून परतलेली लहर एकमेकींत मिसळून आवाज चढत-उतरत होता. त्यावरून थराची उंची नव्वदेक किलोमीटर निघाली. ॲपल्टनने या थराला 'ई' म्हटले, पुढे वरच्याला 'एफ'. खाली आणखी थर सापडले तर अक्षरे हाताशी असावीत, म्हणून आधीची मोकळी ठेवली. 'डी' कामाला आलेही.

१९२६मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॅटने या साऱ्याला आयनोस्फिअर हे नाव सुचवले. मराठीत ते आयनांबर झाले: आयनांचे अंबर.

सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात आणि हे सुटे इलेक्ट्रॉन लहरींना खाली वळवतात. खालच्या 'डी' थरात हवा दाट. तिथे इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटतात आणि मध्यमलहरींची शक्ती विरते. सूर्य मावळला की हा थर ओसरतो. फिलाडेल्फियावरच्या दिवस-रात्रीचे कोडे इथे सुटते.

लघुलहरी 'डी' थर पार करून 'एफ'पर्यंत पोचतात आणि तिथून हजारो किलोमीटरवर उतरतात. १९५२पासून बिनाका गीतमालाने घरे गाजवली, ती याच वाटेने. अमीन सयानींचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवरून तोच आवाज आयनांबराला टेकून मुंबईत परत येई.